धावण्याची फेरी सायकलच्या चाकाने मोजा

दाट झाडांखाली किंवा उंच इमारतींमध्ये मोबाइलवरचे अ‍ॅप अंतर रोज वेगळे दाखवते, त्यामुळे आपली खरी प्रगती कळत नाही. त्यावर साधी सायकल पुरते. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह जमिनीलगत आणून तिथे खडूने खूण करावी, व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत सायकल सरळ ढकलून दुसरी खूण करावी आणि मधले अंतर, म्हणजे चाकाचा एक वेढा, टेपने मोजावे; मग धावण्याच्या वाटेवरून सायकल ढकलत वेढे मोजून गुणाकार करावा. माझ्या सायकलचा वेढा २०८ सेंटिमीटर भरला आणि मैदानाची फेरी १९२ वेढ्यांची, म्हणजे जेमतेम ४०० मीटरची निघाली. (वेढे मोजताना कोणाशी गप्पा मारू नयेत.) चाकातली हवा कमी झाली की वेढाही किंचित आखूड होतो, म्हणून हवा भरूनच मोजावे.

प्रमाणित ट्रॅकवर ही खटपट नको. मात्र तिथे ४०० मीटर फक्त पहिल्या लेनमध्ये असतात, आठव्या लेनची पूर्ण फेरी सुमारे ४५३ मीटर होते.