सभागृहात रॉक बँडचे थेट ध्वनिमुद्रण कसे करावे

दसरा चौकातील शाहू स्मारक भवनासारख्या कोल्हापुरातील सभागृहात रॉक बँडचा कार्यक्रम थेट ध्वनिमुद्रित करायचा असेल, तर सुरुवात ड्रमपासून करावी. कारण त्याचा आवाज रंगमंचावरच्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पुढच्या छिद्रात मोठ्या डायफ्रामचा (पडद्याचा) डायनॅमिक माइक, स्नेअरच्या (काठ्यांनी वाजवायच्या, कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) कडेवर दोन बोटे उंच शुअर एसएम 57 हा डायनॅमिक माइक आणि झांजांवर दोन कंडेन्सर (अधिक संवेदनशील) माइक लावावेत. हे दोन्ही कंडेन्सर स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून समान अंतरावर ठेवले, म्हणजे स्नेअरचा आवाज दोन्हींत एकाच वेळी पोहोचतो आणि स्टिरिओत मधोमध राहतो. त्यांना माइकच्या केबलमधूनच जाणारा 48 व्होल्टचा वीजपुरवठा (फँटम) लागतो.

गिटारच्या अँपसमोर (स्पीकर असलेल्या अॅम्प्लिफायरसमोर) दुसरा एसएम 57 जाळीला जवळजवळ टेकवावा. तो स्पीकरच्या मध्याकडे सरकवला की आवाज धारदार होतो, कडेकडे नेला की मऊ. बेस गिटारला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकशिवाय थेट मिक्सरला देणारी पेटी) पुरतो. गायकाच्या एसएम 58 माइकच्या बरोबर मागच्या बाजूस मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ठेवल्यास माइक-स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) कमी वाजते.

प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे, 24 बिटमध्ये मुद्रित करावे आणि सर्वांत मोठा आवाजही मीटरवर (कमाल पातळी शून्य मानून) उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे, कारण तालमीत हात राखून वाजवणारा ड्रमर कार्यक्रमात हमखास जोर चढवतो. कोल्हापूरकरांची दाद मोकळी असते. तिच्यासाठी प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक हवेतच. मुद्रणात विजेची गुणगुण ऐकू आल्यास केबल तपासाव्यात. अर्थिंग तोडण्याचा सल्ला मात्र कोणीही दिला तरी मानू नये, कारण त्यात गिटारवादकाला विजेचा धक्का बसू शकतो.