जिवलग मित्राला ख्रिस्ताबद्दल सांगताना या चुका टाळा

अनोळखी माणसाला साक्ष देणं, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगणं, एक वेळ सोपं, तो पुन्हा भेटणार नसतो. शाळेपासूनच्या मित्राला मात्र आपलं सगळं ठाऊक असतं. कुणाचे पैसे बुडवले, कुणाशी भांडण उकरून काढलं, पेपरात कुणाचं बघून लिहिलं. त्याच्यापुढे एकदम पाळकांचा आवाज लावला की त्याला हसू येतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

जेवायला बोलावून सभेत बसवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. मी स्वतः केली आहे. ‘रविवारी जेवायला या’ म्हणून मित्राला बायको-मुलांसह बोलावलं. ते आले तर घरात पेटी, डफ, तीसेक माणसं आणि बाहेरगावचे उपदेशक. बिचारा शेवटपर्यंत बसला, जेवला आणि मुकाट निघून गेला. पुढे आठ महिने त्याने फोन उचलला नाही. उपदेश चांगला होता हो, खोट निमंत्रणात होती. ‘आधी उपासना आहे, मग जेवण, नुसता जेवायला आलास तरी चालेल’ एवढं सांगायला हवं होतं. अशी चूक होऊन गेली असेल तर सारवासारव नको. ‘तुला न सांगता बसवलं, चुकलं माझं’ म्हणा, आणि तो स्वतः काढत नाही तोवर विषय काढू नका.

मंडळीतले शब्द

आपण पापातून सुटकेला ‘तारण’ म्हणतो आणि चर्चच्या लोकांना ‘मंडळी’. बँकेतल्या मित्राला ‘तुझं तारण झालंय का?’ विचारून बघा. त्याला गहाण ठेवलेलं सोनं आठवेल. ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट, आणि ‘आमची मंडळी’ म्हणजे खेड्यात चक्क बायको! त्यापेक्षा आपल्या बाबतीत घडलेलं सांगावं. भावाशी बोलणं बंद होतं, प्रार्थनेला बसलं की तोच डोळ्यांपुढे यायचा, शेवटी मीच फोन केला. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनं केली. ऐकणाऱ्याच्या कानाला ती चाल आधीच ओळखीची होती.

प्रसादाला खोटं कारण

गणपतीत मित्राकडे गेलो की वाटी पुढे येते. आपल्यातले बरेच जण ‘शुगर आहे’ म्हणतात आणि मग चहात दोन चमचे साखर घेतात. मित्र काय आंधळा असतो? दुसरं टोक याहून वाईट, त्याच्या आईसमोर मूर्तिपूजेवर प्रवचन. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८व्या आणि १०व्या अध्यायांत प्रेषित पौलाने नैवेद्याच्या अन्नाचा हाच पेच घेतला आहे, आणि दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागू नये यावर त्याचा भर आहे. ख्रिस्ती घरांतही याबाबत सगळ्यांची रीत एक नाही. तुम्ही घेत नसाल तर सण यायच्या आधीच, दोघंच असताना सांगून टाका. मी सांगितलं तेव्हा मित्राच्या आईने नैवेद्य दाखवण्याआधीच माझे चार मोदक बाजूला काढून ठेवले आणि विचारलं, ‘मग तुमच्यात उपास कसला असतो रे?’ विश्वासाबद्दल इतकं मोकळं मी कुठल्याच व्यासपीठावर बोललेलो नाही. बोलता बोलता त्यांचं दूध उतू गेलं, ते वेगळं.

दुखण्यात हमी देणं

‘प्रार्थना करतो, काका नक्की बरे होतील’ असं म्हणू नका. नाही झाले तर? आणि औषधं बंद करा असं तर चुकूनही नाही. डबा न्या, एक रात्र दवाखान्यात थांबा. ‘इथे प्रार्थना केली तर चालेल का?’ विचारा, हो म्हटलं तर दोन वाक्यांत आटपा, नको म्हटलं तर घरी जाऊन करा. आणि त्या डब्याची आठवण पुढे कधी करून देऊ नका.

घाई

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. घर दुभंगलं, पुन्हा जुळलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. एका घरातल्या माणसांची ही गोष्ट. तुमचा मित्र दर नाताळाला येतो, चांदणीखाली बसून फराळ करतो आणि काहीच विचारत नाही? मग त्याला आणखी दोन करंज्या वाढा.