कापणीच्या दिवसांतला सर्पदंश: पहिला तास शेतात घालवू नका

चतुर्थीला नव्याची कणसं घरात आली की गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंत सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताची कापणी दाराशी येते. इथून दिवाळीपर्यंतचे दिवस सर्पदंशाच्या दृष्टीने जोखमीचे. भात पिकलं की उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. घोणशीची पिल्लंही पावसाळ्यात जन्मलेली, वीतभर लांबीची आणि जन्मापासूनच विषारी असतात. अशा शेतात आपण वाकून, हाताने, बऱ्याचदा अनवाणी काम करतो.

गेल्या कापणीत शेजारची काकी पेंढी बांधता बांधता थांबली. "कांटो तोपलो गो," (काटा टोचला गं) एवढंच म्हणाली. घोट्याच्या खाली दोन बारीक ठिपके होते आणि एकातून रक्त ओघळत होतं. कोणी काथ्याची दोरी आवळली, कोणी पाला वाटून आणला, कोणी फेणी ओतली. दोरी शोधायला धावलेल्यांत मीही होतो. इस्पितळात पोचायला अडीच तास लागले. तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं स्थिर ठेवलं. नळी तिरकी केली तर ते पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. मूत्रपिंडं थकली आणि डायलिसिस करावं लागलं. काकी वाचली. पण माणसं इस्पितळात अडकली म्हणून तिचं भात उभंच राहिलं, पावसात आडवं झालं आणि दाण्यांना मोड आले.

उपचाराचा भार किती पडणार, हे बऱ्याच अंशी दंशानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत ठरतं. वेळेत आलेल्या रुग्णाचं काम बहुतेकदा प्रतिविषाच्या कुप्या आणि दोन-तीन दिवसांची देखरेख यांवर भागतं. तोच रुग्ण उशिरा आला तर घोणशीच्या विषाला डायलिसिस लागतं, नाग-मण्यारीच्या विषाला व्हेंटिलेटर. मग आरोग्य केंद्रातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पाठवणी, अतिदक्षतेतली खाट आणि घरातल्या दोघांची बुडालेली मजुरी. प्रतिविष सरकारी इस्पितळात मोफत मिळतं, पण उशिराची किंमत घरालाच भरावी लागते.

2000 ते 2019 या 20 वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करावी, असं राज्यांना कळवलं. या नोंदीशी आपलाही संबंध आहे. पाला लावून घरीच बसलेला रुग्ण कुठल्याच वहीत चढत नाही, आणि जे वहीत नाही त्यासाठी जवळच्या केंद्रात कुप्या तरी कोण ठेवणार? दंश साधा वाटला तरी केंद्रात जा, हे मी आग्रहाने सांगतो.

आता शेतातली तयारी. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी काढून टाका. दाणा एकसारखा पिकतोच, शिवाय जमीन आवळली की पायात बूट घालता येतो. ओल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, गमबूट रुततो म्हणून कोणी घालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बहुतेक दंश पावलावर आणि घोट्याजवळ होतात. गमबूट जमत नसेल तर निदान घोटा झाकणारे बूट हवेतच. कापणी रस्त्याच्या किंवा घराच्या बाजूने सुरू करून रानाच्या दिशेने सरका. उंदीर आणि साप न कापलेल्या भाताकडे सरकत जातात. शेवटचा तुकडा चारी बाजूंनी वेढला गेला तर त्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दंश तिथेच होतो. रात्रभर शेतात पडलेली पेंढी उचलण्याआधी काठीने उलटा. मेरांवरचं (बांधांवरचं) गवत आधीच कापा आणि उंदरांची बिळं बुजवा. शेतात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्या की रात्री घुबडं उंदीर टिपतात. गवताची उडवी घराला लागून रचू नका.

रानडुकरं आणि गव्यांपासून पीक राखायला मांगरात (शेतातल्या खोपीत) झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका सर्वांत जास्त. हिला कांडर असंही म्हणतात. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका हलका की जागही येत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. त्याला पित्त समजून सोडा पाजत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

साप चावलाच तर माणसाला आडवं करा, चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ते निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तशी पायाला फळी लावून सैल बांधा, पण दोरी आवळू नका. चिरणं, चोखणं, बर्फ, फेणी, पाला यांतलं काहीही नको. दुखण्याची गोळीही देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. 108 लावा. गाडीला उशीर होणार असेल तर रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून निघा, मागच्याने त्याला घट्ट धरावं. दंशाची वेळ लक्षात ठेवा. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका, लांबून फोटो मिळाला तर पुरे.

फोटोचा उपयोग असा: आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाचोळ्यात आणि काजूच्या बागेत दिसणाऱ्या चापडा जातीच्या विषारी सापांवर त्याचा भरवसा नाही. तिथे डॉक्टरांना रक्त आणि मूत्रपिंडांवर नजर ठेवून उपचार करावे लागतात. विषाची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या देतात. मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच देतात, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. लक्षणं नसली तरी 24 तास तिथेच राहायचं असतं. "बरं वाटतंय" म्हणून उठून येऊ नका.

विंचू चावल्यावर घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं ही लाल विंचवाची लक्षणं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर सिद्ध केल्यापासून या दंशातले मृत्यू फार कमी झाले. अट तीच, वेळेत पोचण्याची. गांधीलमाश्या किंवा आग्या मोहोळ एकदम तुटून पडलं आणि बरेच डंख झाले, तर श्वास नीट चालत असला तरी तपासून घ्या. मूत्रपिंडांवर परिणाम नंतर दिसतो. पाडेलींनी (नारळ काढणाऱ्यांनी) माडावर चढण्याआधी शेंडा खालून नीट न्याहाळावा.

कुत्रा किंवा माकड चावलं, ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. गोव्याला 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र घोषित केलं आहे, पण त्या भरवशावर लस टाळू नका. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. कापणीच्या घाईत सातव्या दिवसाची सुई चुकते, म्हणून तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

कापणी सुरू करण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन विचारा: प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का? नसतील तर कोणत्या इस्पितळात जायचं ते आजच ठरवा आणि बाहेरगावाहून आलेल्या मजुरांनाही सांगून ठेवा. प्रतिविष घेऊन घरी आलेल्यावर पुढचे दोन आठवडे लक्ष असू द्या. लघवी कमी किंवा लालसर झाली, ताप आला, सांधे दुखले, अंगावर पुरळ उठलं, तर केसपेपर घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा.