एका ओळीची दुरुस्ती तपासायला बसण्याआधी

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, उपकरण ओळखणारा कोड चुकला, की यंत्रात घट्ट बसवलेलं कार्ड यंत्रालाच दिसत नाही. मग परभणीतला एखादा दुकानदार चांगलं कार्ड खराब समजून बदलायला काढतो. म्हणून कुणी पाठवलेली दुरुस्ती, म्हणजे पॅच, एका ओळीची असली तरी तिच्यासाठी अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा.

सुरुवात वही-पेनानं करा. समजा दुरुस्ती पीसीआयच्या (कार्डं यंत्राला जोडणाऱ्या व्यवस्थेच्या) हेडर टाइपची, म्हणजे उपकरणाचा प्रकार सांगणाऱ्या नोंदीची आहे. हा एकच बाइट. साध्या उपकरणाला ०, ब्रिजला (मागची उपकरणं जोडणाऱ्या दुव्याला) १. पण त्याच बाइटचा सगळ्यात वरचा बिट वेगळीच गोष्ट सांगतो: या उपकरणात एकाहून जास्त फंक्शन (वेगवेगळी कामं करणारे भाग) आहेत का. तो बिट लागलेला ब्रिज वाचला, तर हाती १ नाही, १२९ येतात. कोड नुसतं ‘१ आहे का’ एवढंच विचारत असेल, तर ब्रिज ओळखला जात नाही आणि त्याच्यामागचं सगळं अंधारात राहतं. तुलनेआधी १२७ चा मास्क लावला, म्हणजे वरचा बिट झाकला, की १२९ चे १ होतात. दुरुस्ती एवढीच. आता उलटं करून बघा. रिकाम्या जागेवरून वाचलं तर सगळे बिट १ येतात, म्हणजे २५५, आणि मास्कनंतर १२७. तेव्हा व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक, त्यावरून जागा रिकामी आहे का ते कळतं) त्याआधी तपासलाय का, हे पॅचच्या वर-खालच्या ओळींत शोधा. पॅचमध्ये दिसतो तेवढ्या तुकड्यावर भागवू नका, कोडमधलं ते पूर्ण फंक्शन उघडा.

गिट ब्लेम (कोणती ओळ कधी बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवून चूक कोणत्या कमिटनं, म्हणजे नोंदवलेल्या बदलानं, आली ते काढा आणि पॅचमधल्या ‘फिक्सेस’च्या ओळीत तोच कमिट आहे ना, ते जुळवा. मग हीच तुलना बाकीच्या कोडमध्ये ग्रेप करा, म्हणजे शोधा. मी एकदा ओळ बरोबर दिसली म्हणून लगेच होकार दिला होता. शेजारच्या फाइलीत तीच चूक तशीच राहिली. त्याचं आजही वाईट वाटतं.

चाचणीला तसा ब्रिज खरोखर असलेलं यंत्र हवं. जवळ नसेल तर ओळखीच्या कॉलेजची लॅब विचारा, आपल्याकडे जुने डेस्कटॉप अजून टिकून आहेत. उन्हाळ्यात दुपारी लाईटचा भरवसा नसतो, म्हणून बिल्ड, म्हणजे कोडपासून कर्नल तयार करणं, रात्री लावा. जुन्या यंत्रावर लोकलमॉडकॉन्फिग (यंत्रात चालू असलेलेच मॉड्यूल निवडणारी सोय) वापरलं तर वेळ बराच वाचतो, फक्त तपासायचा भाग त्यात चालू राहिलाय हे बघून घ्या. बूट मेनूतून जुना कर्नल काढू नका.

आधी पॅच न लावता यंत्र चालू करा, उपकरण दिसत नाही हे डोळ्यांनी बघा, डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) लॉग जपून ठेवा. मग पॅच लावून दुसरा लॉग घ्या. पहिला लॉग नसेल तर ‘टेस्टेड-बाय’ (मी चाचणी केली, ही नोंद) देऊ नका. कोड समजून वाचला असेल तर ‘रिव्ह्यूड-बाय’ (मी तपासलं, ही नोंद) द्या. उत्तरात कोणतं यंत्र, कोणतं कार्ड आणि कोणता कर्नल होता ते लिहा.