हार्डडिस्क क्लोन करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

आधी एवढं ठरवा की क्लोन हवाय का इमेज, कारण क्लोन म्हणजे जुनी डिस्क आहे तश्शी नव्या डिस्कवर, काढून लावली की मशीन सुरू, आणि इमेज म्हणजे सगळ्याची एक मोठी फाइल जी बाहेरच्या डिस्कवर पडून राहते, बॅकअप म्हणून.

जुनी काढून एसएसडी (नव्या प्रकारची, वेगवान डिस्क) टाकताय तर क्लोन. सॅमसंगची एसएसडी घेतली असेल तर त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते फक्त सॅमसंगच्याच डिस्कवर कॉपी करतं हां.

बाकी क्लोनझिला. फुकट, ओपन सोर्स, पेनड्राइव्हवरून बूट होतं, विंडोज लिनक्स दोन्ही चालतं. दिसायला मात्र जुनाट, निळ्या-करड्या स्क्रीनवर प्रश्नच प्रश्न, आणि नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, १ टीबीची ५०० जीबीवर सरळ जात नाही, डेटा कमी असला तरी. माऊसने काम करायचंय तर रेस्क्यूझिला बघा, क्लोनझिलाच्या इमेजपण उघडतं.

मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री घ्या असं अजून सांगतात लोक, पण त्या फुकट व्हर्जनचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ लाच संपलाय.

आणि सोर्स कुठली, टार्गेट कुठली ते मॉडेल नंबर बघूनच एंटर मारा, मी एकदा उलटं केलं होतं, कोरी डिस्क भरलेल्यावर, लग्नाचे फोटो गेले, बायको अजून ऐकवते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा नंबर, आधीच कागदावर लिहून ठेवा.