अर्थविचाराचा अभ्यास सुरू करताना: 'वाढणे' या क्रियापदापासून

भाषाविज्ञानाच्या एम. ए.ला अर्थविचार, म्हणजे शब्दांच्या आणि वाक्यांच्या अर्थाचा अभ्यास, हा विषय आला तेव्हा मी उपपत्तींची (सिद्धांतांची) नावे आणि सने पाठ केली, आणि पहिल्याच चाचणीत एका साध्या मराठी वाक्याचे विश्लेषण मला जमले नाही. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्यांना मी सांगेन की आधी आपल्या भाषेतला एखादा शब्द हाती घ्यावा आणि प्रत्येक उपपत्ती त्यावर घासून पाहावी.

माझ्यासाठी तो शब्द 'वाढणे' हा ठरला. मूल वाढते, आई पानात भात वाढते, देवापुढे नारळ वाढवतात, आणि बांगडी फुटली तर ती 'वाढली' असे घरातली वडील माणसे म्हणतात. अर्थाचे घटक पाडण्याची पद्धत नातेवाचक शब्दांना चोख लागू पडते: आईकडचा की वडिलांकडचा, भावाचा मुलगा की बहिणीचा, एवढ्या दोन प्रश्नांत चुलत, आते, मामे आणि मावस हे चारही भाऊ वेगळे होतात. बांगडीपाशी मात्र ही पद्धत थबकते, कारण तिथे 'फुटणे' हा अशुभ शब्द टाळण्याची रीत ठाऊक असल्याशिवाय अर्थच लागत नाही. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातले, शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात असतो हे म्हणणे मला खऱ्या अर्थाने इथे कळले.

तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने 1892 साली मांडलेला, शब्द जिचा निर्देश करतो ती वस्तू आणि तो निर्देश करण्याची रीत यांतला भेद त्या मानाने लवकर समजतो: पहाटेचा तारा आणि सायंतारा ही दोन्ही वर्णने शुक्राचीच, पण त्याच्यापर्यंत नेणाऱ्या वाटा वेगळ्या.

आपल्या परंपरेतील अभिधा (सरळ अर्थ देणारी शब्दशक्ती), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी संबंधित अर्थ देणारी) आणि व्यंजना (त्यापलीकडचे सुचवणारी) केवळ काव्यशास्त्रापुरत्या मानू नयेत. 'गंगायां घोषः' ('गंगेवर गवळीवाडा') या वाक्यात प्रवाहावर गवळ्यांची वस्ती असणे शक्य नसल्याने लक्षणेने 'तीर' हा अर्थ घ्यावा लागतो, आणि तिथली शीतलता व पावित्र्य व्यंजनेने सुचते. लक्षणेचे रूढ (वापराने पक्की झालेली) आणि सप्रयोजन (काही सुचवण्याच्या हेतूने केलेली) असे दोन प्रकार मानलेले आहेत, आणि हा भेद फार उपयोगी आहे. निघताना आपण 'येतो' म्हणतो, त्याला मी प्रथम तत्त्वज्ञ ग्राइसच्या 1975 सालच्या लेखातील सूचितार्थ, म्हणजे उघड न बोलता संदर्भातून सुचवलेला अर्थ, समजत होते. परंतु सूचितार्थ रद्द करता येतो: 'फार उकडतंय' म्हणून पंखा लावण्याचे सुचवले, तरी लगेच 'पण पंखा लावू नका, मला सर्दी आहे' असे म्हणता येते. निरोपाच्या 'येतो'मधून जाण्याचा अर्थ असा काढून टाकता येत नाही, कारण तो रूढीने पक्का झालेला आहे, म्हणजे ती रूढ लक्षणा आहे.