शेडमध्ये लोड टाकला की घरातला आरसीसीबी पडायचा

घरापासून ३० मीटरवरच्या शेडमध्ये दिवा नीट लागायचा, पण ग्राइंडर चालू केला की घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) लगेच पडायचा. ग्राइंडर निर्दोष निघाला. मेन बंद करून, सप्लाय नसल्याची मल्टिमीटरने खात्री करून (नुसत्या टेस्टरवर विसंबू नये) शेडचा डीबी (वायरिंगचा वाटप बॉक्स) उघडला. न्यूट्रल बार आणि अर्थ बार यांच्यामध्ये बोटभर हिरव्या वायरची लिंक! त्यामुळे परतीचा काही करंट अर्थच्या वायरने जायचा. फेज-न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक पडला की आरसीसीबी पडणारच. दिव्याचा करंट इतका कमी की तो फरक जाणवत नव्हता.

लिंक काढली. शेडकडची न्यूट्रल दोन्ही टोकांना सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) न्यूट्रल-अर्थ तपासलं, रीडिंग चांगलं आलं.

केबलही बदलली. १.५ चौरस मिमी तांब्यात १६ अँपिअरला या अंतरावर साडेअकरा व्होल्ट केबलमध्येच घटतात, ४ चौरस मिमीत साडेचारच. तीन कोरची आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल, ६० सेंमी खोल, वर वाळू आणि इशारा टेप.

शेडजवळ नुसता अर्थ रॉड ठोकून घरापासूनची अर्थची वायर मात्र टाळू नका. आरसीसीबी नसेल किंवा बिघडला असेल तर मातीच्या रेझिस्टन्समुळे एमसीबी (जास्त करंटला सप्लाय तोडणारा स्विच) पडण्याइतका करंट सहसा वाहतच नाही आणि ग्राइंडरची बॉडी जिवंत राहते.